रणातला गाळ आणि जुना समुद्र
नद्यांनी पात्रे बदलली म्हणून कच्छचे मोठे रण कोरडे पडले, असे म्हणतात, पण ते मला अर्धेच पटते, कारण मुळात तिथे पाणी शिरले ते समुद्राचे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. हिमयुग सरताना ती चढत गेली, सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तो चढ मंदावला, आणि या सखल भागातले उथळ आखात पुढे गाळाने भरत गेले.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रणातला चिकट करडा गाळ बारीक चाळणीवर धुताना मी पाहिला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वाळूच्या कणाएवढी, शंखासारखी वळलेली फोरॅमिनिफेरांची (कवच असलेल्या एकपेशीय सूक्ष्म जीवांची) कवचे दिसली, आणि हे जीव प्रामुख्याने खाऱ्या पाण्यातले. धोळावीरा हे हडप्पाकालीन शहर जिथे आहे, त्या रणातल्या खडीरला लोक आजही बेटच म्हणतात, हे मला फार बोलके वाटते.