गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

मीठभाकर (डेन्व्हर)
परवा ‘चाकावरचं घर’ यांनी इथे लिहिलं, त्याचा सारांश असा: आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घ्या, कुत्र्याला सोबत घ्या आणि अमेरिकेचा इतिहास बघा. हॉटेलची कटकट नाही, कुत्रा सगळीकडे चालतो, आणि ज्यांना कुत्रा बोर्डिंगमध्ये टाकून फिरायचंय त्यांनी मुळात कुत्रा पाळूच नये. या शेवटच्या वाक्याला लाइकच्या बदामांचा पाऊस. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आम्ही जूनमध्ये २८ फुटी क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची आरव्ही, भाड्याने घेतली. बारा दिवस. मी, बायको, पुण्याहून आलेले आई-बाबा आणि लाडू, वजन ३२ किलो, जात लॅब्रेडॉर, स्वभाव लाडावलेला. पहिला मुक्काम कोलोरॅडोतलं मेसा व्हर्डी राष्ट्रीय उद्यान. कड्याच्या कपारीत आठशे वर्षांपूर्वी बांधलेली घरं बघायची म्हणून मी सहा महिने पुस्तकं वाचत होतो. तिथे कुत्र्याला काय चालतं? पार्किंग, डांबरी रस्ता आणि कॅम्पग्राउंड. कपारीतल्या अवशेषांच्या पायवाटांवर नाही. उद्यानातल्याच वेदरिल मेसाच्या रस्त्याला तर २५ फुटांवरची गाडीच चालत नाही, म्हणजे तिथे आमचं घरच बाद. क्लिफ पॅलेस या कपारीतल्या वस्तीत आम्ही तिघं शिड्यांच्या वाटेने उतरून गेलो, बाबा लाडूला घेऊन वर थांबले.

ग्रँड कॅन्यनला दक्षिण काठावर केनेल, म्हणजे कुत्रे ठेवायची जागा, आहे. पण लसीचे कागद लागतात, आणि ते आमच्या डेन्व्हरच्या ड्रॉवरमध्ये. ही चूक माझीच, मान्य. काठावरच्या वाटेवर कुत्रा चालतो, दरीत एक पाऊल खाली उतरलं की नाही. मग काठानेच फिरलो.

आणि हे ‘घर’ रोज सकाळी उपटायचं. पाण्याचा पाइप काढा, वीज काढा, ब्लॅक टँक (संडासाची टाकी) रिकामा करा, हातमोजे धुवा, कपाटांना कड्या लावा, तरी पहिल्या वळणावर स्टीलचा डबा डोक्यात. एवढं करून इतिहास किती पाहिला, तर कुत्र्याने परवानगी दिली तेवढा.

चाकावरचं घर (नॉर्थ कॅरोलिना)
नियम पार्कच्या साइटवर असतात. वाचायला दहा मिनिटं लागतात. सहा महिने पुस्तकं वाचणाऱ्याला ती मिळाली नाहीत, यात कुत्र्याचा काय दोष?

तुम्ही अमेरिकेतली नेमकी कुत्र्याला बंदी असलेली जागा निवडलीत आणि निष्कर्ष अख्ख्या देशाचा काढलात. मेसा व्हर्डीहून ग्रँड कॅन्यनला गेलात, मग ऍरिझोनातलंच पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यान फार लांब नव्हतं. तिथे कुत्रा सगळ्या पायवाटांवर चालतो. प्वेर्को पुएब्लो म्हणून सुमारे शंभर खोल्यांच्या वस्तीचे अवशेष आहेत, कातळावर चित्रं आहेत, आमची चिऊ त्या वाटेवर माझ्या शेजारून चालली. माउंट व्हर्ननला, खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या आवारात, पट्टा लावलेल्या कुत्र्याचं स्वागत आहे. घरात नाही, आवारात. तो माणूस स्वतः शिकारी कुत्र्यांचा नादिष्ट होता.

अमेरिकी यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं रणांगण चिऊबरोबर दोन दिवस पायी फिरलो. ओक रिजवर ११व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटचं स्मारक आहे. वर शिपाई, आणि पायथ्याशी ब्रॉन्झची कुत्री झोपलेली. तिचं नाव सॅली. १८६३ च्या जुलैत पहिल्या दिवशी पळापळीत ती तुकडीपासून तुटली, आणि लढाई संपल्यावर आपल्या मेलेल्या-जखमी माणसांपाशी राखण करत बसलेली सापडली. १८६५ च्या फेब्रुवारीत हॅचर्स रनच्या लढाईत गोळी लागून गेली. १८९० साली स्मारक झालं तेव्हा रेजिमेंटच्या माणसांनी तिला तिथे बसवली. लोक अजून तिच्यापुढे बिस्किटं ठेवतात. बसमधून उतरून अर्ध्या तासात परत चढणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही, कारण ती स्मारकाच्या पुढच्या, रणांगणाकडच्या बाजूला आहे. मला चिऊने तिकडे ओढत नेलं.

मीठभाकर
आणि तिथल्याच सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीत कुत्र्याला मनाई आहे, तेही सांगा ना. लिंकनने भाषण केलं त्या कार्यक्रमाची जागा. चिऊने तिथून ओढत बाहेर नेलं का?

चाकावरचं घर
नवरा बाहेर थांबला, मी गेले. मग मी थांबले, तो गेला. वीस मिनिटांचा प्रश्न.

रानमोडी (पुणे)
सॅलीचं वाचून रायगडावरचा वाघ्या आठवला. तिथे बिस्किटं नाहीत, नुसते वाद.

वॅटमीटर (फीनिक्स)
रानमोडी, हात जोडतो. २०१२ साली तो पुतळा काढला, परत बसवला, २०२५ मध्ये पुन्हा काढण्याची मागणी झाली, आणि प्रत्येक वेळी आपल्या इथली निम्मी मंडळी एकमेकांशी बोलायची बंद झाली. एकच सांगतो आणि थांबतो. सॅलीला ज्यांनी बसवलं त्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलं होतं. वाघ्याचा पुतळा १९३६ चा.

रानमोडी
ठीक आहे. पण गड आणि कुत्रा यावर आम्ही इकडचेही बोलू शकतो. राजगडाच्या पायथ्याला कुठलंतरी बेवारशी कुत्रं मागे लागतं, पाली दरवाज्यातून वर येतं, बालेकिल्ल्यापर्यंत वाट दाखवतं, अर्धा पुडा पार्ले-जी खातं आणि दुसऱ्या ग्रुपबरोबर खाली जातं. पट्टा नाही, परवाना नाही, टँक रिकामा करायचा नाही. तुमच्या त्या २८ फुटी गाडीपेक्षा हे सुटसुटीत.

उंटावरचा (सॅन होजे)
सगळे कुत्र्यावर बोलताय. मी मीठभाकर यांचं एकच वाक्य परत परत वाचतोय. “आम्ही तिघं शिड्यांच्या वाटेने उतरून गेलो, बाबा लाडूला घेऊन वर थांबले.” म्हणजे वडिलांना पुण्याहून वीस-बावीस तास विमानात बसवून आणलंत आणि कोलोरॅडोच्या पार्किंगमध्ये कुत्रं धरून उभं केलंत?

मीठभाकर
बाबांचे गुडघे गेलेत. त्या शिड्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. ते स्वतः म्हणाले, तुम्ही जा.

उंटावरचा
आपले वडील “तुम्ही जा” याशिवाय आयुष्यात दुसरं काही म्हणालेत का? भोंडल्याला, गणपतीला, जिथे जावं तिथे हेच दिसतं. सहा महिने आई-बाबा येतात, आणि दोन महिन्यांत त्यांच्या हातात एक तर नातवाचा स्ट्रोलर असतो नाहीतर कुत्र्याचा पट्टा. बोर्डिंगचे रोजचे ६० डॉलर वाचतात. त्या पैशाला आपण ‘फॅमिली टाइम’ म्हणतो.

मीठभाकर
तुम्ही माझ्या घरात राहायला होतात का? नसाल तर तोंड आवरा. बाबांना लाडूशिवाय करमत नाही. डेन्व्हरला रोज पहाटे तेच त्याला फिरवतात.

उंटावरचा
तेच म्हणतोय मी.

सोनटक्का (एडिसन)
उंटावरचा यांचा सूर कडवट आहे, पण साफ चूकही नाही. आम्ही सासूबाईंना आरव्हीतून व्हर्जिनियाला नेलं होतं. त्यांचं सोवळं नाही, पण स्वयंपाकाच्या जागी कुत्रा नको, एवढंच. आता २४ फुटांत स्वयंपाकाची जागा म्हणजे काय? ओटा, टेबल, पलंग आणि कुत्र्याची वाटी सगळं हाताच्या अंतरावर. मला वाटलं होतं की सहा दिवसांत जमवून घेतील, सगळे तसंच सांगतात, ‘शेवटी आजीच दहीभात भरवायला लागल्या’ वगैरे. आमच्याकडे तसं काही झालं नाही. त्यांनी सहाही दिवस बाहेरच्या बाकावर बसून जेवण केलं, एकदा पावसात छत्री धरून. परत आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, त्यांचं बरोबर होतं. विचारायला हवं होतं. आम्ही फक्त कळवलं होतं.

वॅटमीटर
आई-वडिलांना थांबवायचं नाही, बोर्डिंगमध्ये टाकायचं नाही, मग तिसरा उपाय इथे कोणीतरी सुचवणारच: एसी लावून कुत्र्याला आरव्हीत ठेवा. म्हणून आधीच सांगतो.

गेल्या वर्षी मे महिना, ऍरिझोना, ३० अँपचं कनेक्शन. आम्ही एक म्युझियम बघायला गेलो. एसी चालू. निघताना वॉटर हीटर विजेवरच राहिला, आणि त्यात भर म्हणून मीच फोन, टॅब, कॉफीचं मशीन, सगळं लावून ठेवलेलं. ब्रेकर उडाला. तापमान कळवणारं यंत्र होतं, पण ते मोबाइलच्या सिग्नलवर चालतं, आणि सिग्नल नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्याला आमच्या एसीचा आवाज थांबलेला ऐकू आला, त्याने मॅनेजरला बोलावून दार उघडलं. कुत्रा वाचला. मी अजून त्या म्हाताऱ्याला दिवाळीला फराळ पाठवतो, त्याला चकली म्हणजे काय ते कळत नाही, पण खातो.

बाहेर २२ सेल्सिअस असतानाही बंद गाडीत तासाभरात वीसहून जास्त अंश वाढतात, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. हे मोजलेलं आहे.

चाकावरचं घर
ते मोजमाप कारचं. आरव्ही म्हणजे कार नव्हे.

वॅटमीटर
बरोबर, जास्त मोठा पत्र्याचा डबा आहे. आणि कुत्र्यांवरच्या नियमांना कटकट म्हणणाऱ्यांनी यलोस्टोन उद्यानातलं १९८१ सालचं प्रकरण वाचावं. मित्राचा कुत्रा गरम झऱ्यात पडला म्हणून एका तरुणाने त्याच्यामागे उडी मारली. पाणी ९० अंशांच्या वर. दोघंही गेले. तिथल्या लाकडी वाटांवर कुत्रा का चालत नाही, ते मला कोणी परत विचारू नये.

नाना_७१ (नाशिक)
मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण ‘बाबा वर थांबले’ यावर एवढी चर्चा चालली आहे म्हणून.

मीही तसाच एक बाबा. मुलगी ओहायोत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आरव्हीतून आम्ही पंधरा दिवस फिरलो. किल्ले, रणांगणं, कुठल्याशा राष्ट्राध्यक्षाचं घर. इमारतींत कुत्रा चालत नसे आणि मला फार वेळ उभं राहवत नसे, तेव्हा वाटणी आपोआप झाली. मला कोणी ‘थांबता का’ असं विचारलं नाही, हे खरं आहे. मला ते लागलं, हेही खरं.

पण दुसरी बाजूही सांगतो. मुलीच्या कॉलनीत मी चार महिने रोज फिरायला जात होतो. हात हलवण्यापलीकडे कोणी माझ्याशी बोललं नाही. कॅम्पग्राउंडवर कुत्रा घेऊन खुर्ची टाकून बसलो की दर दहा मिनिटांनी कोणीतरी थांबायचं. आधी कुत्र्याचं नाव, मग माझं. एकाने मला त्याच्या गाडीचं इंजिन दाखवलं. मी एसटीत वर्कशॉपला होतो, दीड तास आम्ही दोघं त्या इंजिनात डोकं घालून होतो, भाषा अर्धीमुर्धी. ते राष्ट्राध्यक्षाचं घर आतून कसं आहे ते मला माहीत नाही. त्या इंजिनाचं मात्र सगळं आठवतं.

तेव्हा उंटावरचा, तुमचा राग पोचला, पण आमच्या वतीने नको. आणि मीठभाकर, तुम्ही पहिली तक्रार केलीत ती कुत्र्यामुळे *तुमचं* काय पाहायचं राहिलं याची. बाबांचं काय राहिलं ते एका अर्ध्या वाक्यात आटोपलंत.

उंटावरचा
नाना, दंडवत. तरीही माझं म्हणणं अर्धं उभं आहे.

नाना_७१
अर्धं असू द्या.

चाकावरचं घर
‘कुत्रा पाळूच नये’ हे माझं वाक्य मागे घेते. बाकीचं नाही. ज्यांना कागद घेऊन निघता येत नाही त्यांनी कुत्र्यावर बिल फाडू नये.

मीठभाकर
केवढा हा मनाचा मोठेपणा.

काल रात्री बाबांना फोन लावला, सरळ विचारलं की मेसा व्हर्डीला वाईट वाटलं का. म्हणाले, “मी वेरूळचं कैलास पाहिलंय, मला कपारीतल्या घरांचं काय सांगतोस.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण खालचे फोटो दाखवतो म्हणाला होतास. अजून दाखवले नाहीस.” सकाळी एकशेचाळीस फोटो पाठवले. निळी खूण आली आहे, उत्तर नाही.

पुढच्या वर्षीसाठी व्हर्जिनियातलं शेनांडोआ उद्यान बघतोय. तिथे बहुतेक वाटांवर कुत्रा चालतो, हे ‘चाकावरचं घर’ सांगायच्या आत मीच वाचून ठेवलंय. बाबा यायला तयार आहेत, आई नाही म्हणते.

सोनटक्का
आईंना हॉटेल घ्या. मनापासून सांगतेय.

डबलडेकर (टोरोंटो)
उशिरा आलो, वरचं सगळं वाचलं नाही. शेनांडोआतल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरच्या बोगद्यातून क्लास सी जाते का?

वॅटमीटर
मेरीज रॉक बोगदा, उंची १२ फूट ८ इंच. वरच्या एसीसकट मोजा.