स्क्रीन रीडर वापरून डेटाबेसमध्ये मराठी शब्द कसे शोधावेत?

प्रश्न (नेरुळ)
माझी दृष्टी अंशतः गेलेली असल्यामुळे मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरते. ठाणे खाडीकाठच्या मिठागरांवर एम.ए.चा प्रबंध लिहीत आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने दिलेल्या डेटाबेसमध्ये शोधाची चौकट सापडेपर्यंत असंख्य दुवे ऐकावे लागतात, आणि 'मिठागरे' हा शब्द टाकल्यावर मोजकेच निकाल येतात. काही पीडीएफ तर वाचल्याच जात नाहीत. चूक माझी होते आहे का?

उत्तर (ठाणे, ग्रंथालय कर्मचारी)
ताई, चूक आपली नाही. पान उघडल्यावर इंग्रजी 'ई' ही कळ दाबल्यास थेट मजकुराच्या चौकटीत जाता येते. शोध घेतल्यावर एस्केप दाबून वाचन-स्थितीत (जिथे कळा टंकण्याऐवजी पानावर फिरवतात) यावे आणि 'एच' दाबत राहावे, कारण निकालांची शीर्षके बहुधा मथळे म्हणूनच दिलेली असतात.

शब्दांचे म्हणाल, तर मराठी शब्द विभक्ती लागताच रूप बदलतो, म्हणून 'मिठागर' लिहून पुढे तारांकन (*) द्यावे, म्हणजे मिठागरे, मिठागरांचा, मिठागरात ही सारी रूपे येतील. 'ठाणे' शब्दात सामान्यरूपच 'ठाण्या' होत असल्याने 'ठाण' एवढ्यावरच तारांकन द्यावे लागते. मग 'ठाण मांडून' बसलेलेही काही निकाल येतात, ते सोसावेत. तारांकन सगळीकडे चालतेच असे नाही, त्यामुळे त्या डेटाबेसचे साहाय्य-पान एकदा ऐकावे. इंग्रजीत शोधताना जिल्ह्याचे जुने स्पेलिंगही 'ऑर' (OR, म्हणजे 'किंवा') लावून जोडावे, कारण 1882 च्या गॅझेटियरमध्ये (सरकारी जिल्हा-माहितीग्रंथात) ते 'ठाणा' (Thana) असे आहे.

उत्तर (वाशी)
वरील माहितीत एक भर घालतो. मिठागरांवर राबणाऱ्या आगरी समाजाविषयी शोधताना 'आगऱ्यांचा' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला आढळतो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ असतो, तर दुसऱ्यात साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना आणि कानांना दोन्ही सारखेच असले, तरी यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. सुरक्षित मार्ग म्हणजे 'आगरी' शोधावे.

न वाचल्या जाणाऱ्या पीडीएफ बहुधा पानांची नुसती छायाचित्रे असतात. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास मराठी मजकूरही बराचसा उतरतो, जोडाक्षरे मात्र तपासावी लागतात. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय अक्षर-पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधील फाइल असेल, तर निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात; अशी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी. आणि ग्रंथालयाकडे सुलभ (स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी) प्रत मागताना संकोच करू नये, कारण स्वामित्व हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी अशी प्रत करण्याची मुभा दिलेली आहे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. 'ई' आणि तारांकनाने काम पुष्कळ सोपे झाले. वर्ष निवडण्याची सरकपट्टी मात्र कळफलकावरून हलत नाही.

ठाणे
प्रगत शोधात वर्षाच्या दोन चौकटी असतात का, ते पाहावे. तेथे आकडे थेट टंकता येतात.