पार्किंगमधलं १५ अँपिअरचं सॉकेट तापतंय

घोडबंदरकर: मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ४० किलोवॅट-तासांची. तासाभरात प्लग हाताला चटका देतो, चार्जिंग मध्येच तुटतं. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावला की सुटेल का?

वायरमन_कळवा: दादा, आधी चार्जिंग थांबवा. एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) खाली करून सॉकेट उघडा. पिनेच्या भोकाशी प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर आतली पकड सैल झालीय. ते सॉकेट फेकाच, स्क्रू आवळून भागत नाही. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी आठ तास पूर्ण करंट ओढते. औद्योगिक १६ अँपिअरचं सॉकेट आणि ४ चौरस मिमी तांब्याची वायर घ्या. वायर बदलेपर्यंत नव्या सॉकेटवरही गाडीत करंट १० अँपिअरवर ठेवा, सोय असेल तर.

खारघर_ईव्ही: वॉलबॉक्स ३२ अँपिअर घेतो. ४० मीटरला ६ चौरस मिमी वायरीत साधारण ८ व्होल्ट वाटेतच कमी होतात, १० चौरस मिमीत ५ च्या आत. म्हणून १०च टाका. सोबत ४० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा ए-टाइप आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर मात्र वॉलबॉक्सने वेग वाढणार नाही, हे आधी तपासा. महावितरणकडे मंजूर भारही वाढवावा लागेल.

वायरमन_कळवा: अर्थिंग राहिलं. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या वर दिसले तर बरेच चार्जर थांबतात. तुमचं तुटणं त्यानेही असेल.

घोडबंदरकर: ऑनबोर्ड ७.२ चाच आहे. उद्या मल्टिमीटर लावतो.