मदत हवी आहे: पाय काढलेल्या कुत्र्याची केमो कुणी केलीय का?

नमस्कार मंडळी, बेळगाव शहापुरातून लिहितोय. आमचा शेरू, 8 वर्षांचा लॅब्राडोर, गणपतीत लंगडायला लागला, आम्ही मुरगळला असेल म्हणून हळद लावत बसलो, ते अजून सलतंय. बायोप्सीत हाडाचा कॅन्सर निघाला, ऑस्टिओसार्कोमा, आणि 15 दिवसांपूर्वी पुढचा डावा पाय खांद्यापासून काढला. टाके सुकलेत, पण घरात टाइल्स, उठताना उजवा पाय सरकला की तसाच बसून माझ्याकडं बघत राहतो, बघवत नाही हो. आईनं सगळीकडं पोती अंथरलीत. रात्री दचकून उठतो आणि नसलेला पाय चाटायला वळतो, डॉक्टर म्हणाले नसांचं दुखणं, गॅबापेंटिन चालू आहे.

आता केमोसाठी कार्बोप्लॅटिन हे औषध सांगितलंय, दर 3 आठवड्यांनी, 4 ते 6 डोस, प्रत्येक डोसआधी रक्त तपासायचं, पेशी कमी असल्या तर डोस पुढं ढकलायचा. बेळगाव, हुबळी, धारवाड, कोल्हापूर, कुठं कुणी केलंय का? खर्च किती आला? डोसनंतर तुमचं कुत्रं जेवायचं का, आमचा आत्ताच भाकरी-दूध सुद्धा खाईना झालाय. आणि पुढचा पाय नसलेल्याला जिना उतरवायला हार्नेस, म्हणजे अंगाला बांधून धरायचा पट्टा, कसला घ्यायचा? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगा की, पहिला डोस सोमवारी आहे.