हरणारा खटला वर नेऊ नका, हे पालिकेला सांगायचं कोणी?

परळची_चाफा

खूप दिवस मनात होतं, आज लिहूनच काढते.

मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा खटला बऱ्याच जणांना आठवत असेल. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सांगितलं की यांना कायम करा. पालिका हायकोर्टात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथेही कामगार जिंकले. मग सुप्रीम कोर्ट. एप्रिल २०१७ मध्ये तिथेही तोच निकाल. तरी नावांच्या स्पेलिंगमधली तफावत, अपुरी कागदपत्रं अशा कारणांनी बऱ्याच जणांना पुढेही थांबावं लागलं. सकाळी सहाला कचऱ्यात हात घालणाऱ्या माणसाचं नाव कंत्राटदाराच्या कारकुनाने चुकीचं लिहिलं, तर त्याची शिक्षा कोणी भोगायची?

कंत्राटं कशी दिली जायची तेही बघा. एका कंत्राटात वीसपेक्षा कमी माणसं, कारण १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा. कामगाराला म्हणायचं 'स्वयंसेवक' आणि पगाराला 'मानधन'. ही बाजू तीन कोर्टांत मांडायला पालिकेने वकील दिले, ते आपल्या कराच्या पैशातून.

फीचा आकडा एक माहीत आहे. २०२० मध्ये पाली हिलवरच्या अभिनेत्रीच्या बंगल्याचं पाडकाम गाजलं. त्या खटल्यात एका ज्येष्ठ वकिलांना पालिकेने ८२ लाख ५० हजार रुपये दिल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. नोव्हेंबरमध्ये निकाल पालिकेच्या विरोधात गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. खालच्या कोर्टात हरल्यावर वर जायचं की नाही, यावर पालिकेच्या वकिलाने लेखी अभिप्राय द्यावा आणि खटला संपल्यावर तो नागरिकांना बघायला मिळावा. 'हे लढू नका' असं वकिलाने लिहूनही साहेबांनी अपील केलं असेल, तर ते आम्हाला कळायला हवं.

सनदवाला

चाफाताई, कळकळ पोचली, पण निम्मी गोष्ट राहिली. याच संघाचं आधीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात २००२ मध्ये निकाली निघालं होतं. हायकोर्टाने कामगारांच्या बाजूने दिलेला आदेश तेव्हा सुप्रीम कोर्टाने रद्द केला. कंत्राट खरं की देखावा, हा पुराव्याचा प्रश्न आहे, तो रिट याचिकेत (थेट हायकोर्टात केलेल्या अर्जात) नाही, औद्योगिक न्यायाधिकरणात साक्षीपुरावे घेऊन ठरवा, असं सांगितलं. त्याआधी २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटी या सरकारी कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी हाच कायदा घालून दिला होता. म्हणजे पालिका एकदा वर गेली आणि तिचं म्हणणं बरोबर ठरलं. त्या दिवशी तिच्या वकिलाने 'लढू नका' असं लिहून दिलं असतं, तर तो चुकला असता. निकाल लागल्यावर हरणारा खटला कोणालाही ओळखता येतो.

दुसरं, अशिलाने वकिलाशी केलेली सल्लामसलत गोपनीय असते. हे संरक्षण तुम्हाला आहे तसं पालिकेलाही आहे. उद्या अभिप्राय छापला जाणार हे माहीत असेल, तर वकील मोकळेपणाने लिहिणारच नाही. 'दोन्ही बाजू विचारात घेता योग्य तो निर्णय घ्यावा' एवढंच लिहून सही करेल.

मी पंधरा वर्षं स्थानिक संस्थांची कामं केली, कोणत्या ते लिहीत नाही. दोष वकिलाकडे येण्याच्या कितीतरी आधी घडलेला असतो. खात्याकडून पॅरावाईज रिमार्क्स, म्हणजे दाव्यातल्या एकेका परिच्छेदावरचं खात्याचं म्हणणं, वेळेवर येत नाहीत. एका कामगार प्रकरणात शिपायाने सकाळी साडेदहाला कोर्टाच्या जिन्यात फाईल माझ्या हातात दिली. बंद सुटलेला. मस्टरच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की हजेरीच्या खुणा आणि शाईचे डाग वेगळे काढता येईनात. अकराला पुकारा झाला. त्या कागदांवर मी काय कैफियत मांडणार होतो? तारीख मागितली. समोर कामगार उभा होता, त्याच्याकडे बघवलं नाही.

भरतीची_वाट

मी तीन वर्षं परीक्षांचा अभ्यास करतोय. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. माझ्यासारख्यांची बाजू या धाग्यात कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल वाचा. जाहिरात नाही, परीक्षा नाही, आरक्षणाचा बिंदू (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची तो क्रम) नाही, अशी मागच्या दाराने लागलेली माणसं केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम करता येणार नाहीत, असं घटनापीठाने सांगितलं. पालिकेचे वकील कोर्टात हे मांडतात तेव्हा ते माझ्याही वतीने उभे असतात. कंत्राटदार कामगार घेताना कोणाच्या ओळखीने घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्या कामगारांबद्दल राग नाही, पण पालिकेने गप्प बसून हार मानली, तर माझी जागा जाते.

खाड्याचा_हिशेब

दादा, तुमची तळमळ कळते. माझे वडील मुंबईलगतच्या एका शहरात नालेसफाईला होते, कंत्राटावर, अकरा वर्षं. तुमची जागा त्यांनी घेतली नाही. ती जागा कधी निघालीच नाही, कारण कंत्राटावर काम निम्म्या पैशात होत होतं. जागा निघाली असती तर तुमच्या आधी तेच अर्ज करायला गेले असते.

उमादेवीबद्दल एवढंच, की सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राइब संघटना या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलं की त्या निकालाने औद्योगिक न्यायालयाचे अधिकार जात नाहीत. माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणून किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं, ही १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद नगर निगमच्या माळ्यांचा निकाल आला. उमादेवीची ढाल करून कामगारांचं शोषण झाकता येणार नाही, असा त्याचा रोख आहे. माळ्यांना कामावर परत घ्यायला सांगितलं.

आता वकिलांबद्दल. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६व्या कलमात होतं, की न्यायाधिकरणात वकील उभा करायचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी हवी. पैसेवाल्या मालकासमोर कामगार उघडा पडू नये म्हणून. आमच्या युनियनच्या काकांनी पहिल्याच तारखेला संमती देऊन टाकली. नाही म्हटलं असतं, तर त्या अर्जावरच सहा महिने गेले असते, असं ते म्हणाले. त्यांच्यासमोर तीन काळे कोट, आणि काकांकडे रेशनच्या पिशवीत पावत्या.

वडिलांचा प्रत्येक तारखेला खाडा व्हायचा. घरी कॅलेंडरवर आई खाड्याच्या दिवशी तांबडी फुली मारायची. ती कॅलेंडरं अजून माळ्यावर आहेत. सनदवाला साहेब, तुम्ही जिन्यात तारीख मागितलीत, तेव्हा कोणाच्या तरी घरी अशी फुली पडली होती. तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही ते लिहिलंत याचंच बरं वाटलं.

जमाखर्च_६०

मी लेखा खात्यातून निवृत्त झालो. अपिलं का होतात ते आतून सांगतो. अपील केलं नाही, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो: 'संस्थेवर आर्थिक भार पडत असताना अपील का केले नाही, खुलासा करावा.' तो खुलासा अधिकाऱ्याच्या निवृत्तीपर्यंत, कधी पेन्शनपर्यंत पाठ सोडत नाही. अपील करून हरलात, तर कोणी विचारत नाही, कोर्टाचा आदेश म्हणून बिल पास होतं. मग अधिकारी काय करणार? मीही तशा टिपण्यांवर सह्या केल्या आहेत.

ग्रॅच्युइटीचंच घ्या. कायद्याने तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला की वर्षाला १० टक्के सरळ व्याज. महापालिकांना हा कायदा लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. शिवाय अपिलात जायचं तर रक्कम आधी भरावी लागते. एवढं असूनही म्हातारी माणसं खेटे घालतात. अशा प्रकरणात वकिलाची फी आणि व्याज मिळून मूळ वादाच्या रकमेपुढे गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. फी एका खर्चशीर्षात, व्याज दुसऱ्यात, दोन्हींची बेरीज कोणी करत नाही.

परळची_चाफा

सनदवाला, २००२ चं मी सोडून दिलं होतं, ते चुकलं. तुमचा मुद्दा मान्य. वकिलाचा अभिप्राय छापा, हा हट्टही सोडते. पण मग जमाखर्च काका म्हणतात ती बेरीज तरी छापा. प्रत्येक कामगार खटल्यासमोर वकिलांवरचा खर्च, व्याज आणि तारखा किती पडल्या ते. त्यात गोपनीय काय आहे? २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा छापता येतो, तर हे एक पान का नाही? आणि अपील न करण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देणारं परिपत्रक काढा.

सनदवाला

बेरजेला माझा विरोध नाही. परिपत्रकाला मात्र आहे, किमान तुम्ही म्हणता तसं. अधिकाऱ्याला नुसतं संरक्षण दिलंत, तर कंत्राटदाराशी साटंलोटं करून मुद्दाम हरणारेही त्याच परिपत्रकाआड लपतील. जमिनीच्या खटल्यांत अपिलाची मुदत कशी उलटून जाते ते मी पाहिलंय. 'अपील नको' हा निर्णय एकट्याचा नको. विधी, लेखा आणि आस्थापना तिघांच्या सह्या हव्यात, तीस दिवसांच्या आत.

भरतीची_वाट

तीन सह्यांना आमच्याकडे तीस दिवस पुरत नाहीत साहेब. आणि माझा प्रश्न तसाच राहिला. २,७०० कायम झाले हे न्यायाने झालं असेल, मी ते नाकारत नाही. पण त्यानंतर तरी पुढच्या जागांची जाहिरात काढा, पुन्हा कंत्राट नको, असं पालिकेला लिहून देणारा एक तरी वकील निघाला का?

खाड्याचा_हिशेब

यावर आपण दोघं एकाच बाजूला आहोत दादा. जाहिरात आली, तर इथे नक्की टाका. धाकट्या भावालाही अर्ज भरायचा आहे.