गणवेशातली पोरं : बॉइज ब्रिगेडचे तुमचे अनुभव लिहा

थोरला सेकंडरी वनमध्ये गेला त्या जानेवारीत शाळेतून सीसीएचा फॉर्म आला. सिंगापूरला नव्याने आलेल्यांसाठी सांगते, सेकंडरीत शाळेनंतरचा एक उपक्रम घ्यावाच लागतो. खेळ, वाद्यवृंद, नाहीतर गणवेशातली एखादी संघटना. आम्ही बॅडमिंटन लिहून पाठवलं आणि चिरंजीव निवड चाचणीत पहिल्याच दिवशी बाद. दुसरी पसंती त्याने आम्हाला न विचारताच भरली होती, बॉइज ब्रिगेड. का, तर मित्र जात होता.

साताऱ्याला फोन केला. सासूबाई आधी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "ख्रिस्ती लोकांचं हाय नव्हं ते? बाटवून बसाल पोराला." आण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, प्रश्न वेगळाच. बिल्ल्यावर चिन्ह काय असतं? मी म्हटलं, नांगर. "मग ब्येस हाय की! शेतीचं शिकवत्यात व्हय?" बोटीचा नांगर हो आण्णा, हे पटवायला व्हिडिओ कॉल लावून पट्ट्याचं बक्कल दाखवावं लागलं.

मग मीच वाचत बसले. ब्रिगेड सुरू करणारा विल्यम अलेक्झांडर स्मिथ हा ग्लासगोचा माणूस. रविवारी चर्चच्या शाळेत शिकवायचा आणि स्वयंसेवक पलटणीत अधिकारीही होता. मैदानावर मोठी माणसं त्याच्या एका हुकमावर वळायची, वर्गातली पोरं मात्र बाकावर बसायला तयार नाहीत. त्याने दोन्हीची सांगड घातली. ४ ऑक्टोबर १८८३ ला नॉर्थ वुडसाइड रोडवरच्या मिशनच्या सभागृहात पहिली तुकडी उभी राहिली. टोपी, पट्टा आणि खांद्यावरून आडवी पिशवी, रोजच्या कपड्यांवर एवढंच चढवायचं. गरिबाघरच्या पोरांना ते परवडायचं. स्काउट नंतरचे. १९०७ मध्ये बेडन-पॉवेलने ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्यात ब्रिगेडचीही काही पोरं होती. सिंगापुरात पहिली तुकडी १९३० ची, प्रिन्सेप स्ट्रीटच्या चर्चमधली.

हे झालं वाचलेलं. तुमच्या घरात काय झालं ते लिहा. मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच छान. प्रार्थनेचं काय केलंत, शिबिरात काय खाल्लं, कंटाळा आला का, सोडून दिलं का, सगळं चालेल. गर्ल्स ब्रिगेडवाल्यांनीही लिहा.

सिंगापूर, वय २२

मी चार वर्षं होतो. आई म्हणाली मराठीत लिही, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन आईने तपासलंय.

पहिलं वर्ष म्हणजे फक्त पॉलिश. बुटाला किवीचं पॉलिश, बक्कलला ब्रासो. कापड बोटाला घट्ट गुंडाळायचं, डबीच्या झाकणात थोडं पाणी घ्यायचं आणि बुटाच्या टोकावर लहान लहान गोल फिरवत बसायचं, चाळीस-चाळीस मिनिटं. पाणी जास्त झालं की सगळं धुरकट होतं आणि पहिल्यापासून सुरू. बक्कलवरच्या नांगराच्या खाचेत ब्रासो वाळून पांढरा राहतो, तो काढायला मी आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई वापरायचो. तपासणीला सीनियर पोरगा यायचा, पंधरा वर्षांचा, नुकती मिशी फुटलेला, आणि आमची फाटायची त्याला बघून.

आमचे कवायतीचे हुकूम इंग्रजीत असायचे. बाजूच्याच मैदानावर एनसीसीचे हुकूम मलायमध्ये. वारा तिकडून असला की आमच्यातला एखादा त्यांच्या हुकमावर वळायचा.

पण मला आठवतं ते शेअर-अ-गिफ्ट. ब्रिगेडचा हा उपक्रम १९८८ पासून चालू आहे. नाताळच्या आधी सुपरमार्केटमध्ये खोकी लावून उभं राहायचं, लोक तांदूळ, तेल, बिस्किटं, मायलो टाकतात, ते गरजू घरांना पोचवायचं. आम्ही चौघे एका जुन्या ब्लॉकमध्ये गेलो. एका खोलीचं घर, आत एक तमिळ आजी. माझ्याबरोबरचे तिघे चिनी. त्यांनी मला पुढे ढकललं, "तू इंडियन आहेस, तू बोल." मला तमिळचा एक शब्द येत नाही. मी घाबरून सरळ मराठीत म्हणालो, "आजी, हे तुमच्यासाठी आणलंय." तिला काही कळलं नाही, पण हसली मात्र भरपूर. आत गेली आणि डब्यातून मुरुक्कू घेऊन आली. चकलीच ती. मी चकली म्हटलं, ती मुरुक्कू म्हणाली, असं तीन-चार वेळा झालं. बाकीचे तिघे बघत होते, त्यांना वाटलं आमचं संभाषण चाललंय.

प्रार्थनेबद्दल विचारलंय. सुरुवातीला आणि शेवटी व्हायची. मी डोळे मिटून उभा राहायचो. खरं सांगायचं तर बऱ्याचदा जेवणाचा विचार करायचो.

ग्लासगो

वर ज्या रस्त्याचं नाव आलंय त्याच्यावरून मी कितीतरी वेळा गाडी चालवत गेले असेन. आता मान वळवून बघेन.

आमचं पिल्लू सहा वर्षांचं. सगळ्यात लहानांचा गट म्हणजे अँकर बॉइज, पाच ते आठ वयाचा. इथे 'बीबी' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. शेजारचा प्लंबर बीबीत होता, त्याचा बाप बीबीत होता, आमच्या पोस्टमनला बीबीच्या बँडमुळे ड्रम येतो. आम्ही आलो त्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा, ओळखीचं कोणी नाही आणि पोरगं घरात भिंतीवर चढायचं बाकी होतं. नर्सरीतल्या एका आईने सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आणून सोड. सोडलं. तासाभराने लाल गालांचं, घामेजलेलं पोरगं परत मिळालं. हातात कागदाचं काहीतरी चिकटवलेलं, तोंडाला बिस्किटाचा चुरा. मला त्या घडीला धर्मबिर्म काही सुचलं नाही.

हॉलचं दार उघडायला एक आजोबा असतात, ऐंशीच्या घरातले. क्लाइड नदीवरच्या गोदीत आयुष्य गेलं. ते सांगतात, आमच्या वेळी गोल डबीसारखी टोपी होती, हनुवटीखाली पट्टा, आणि पिशवी पांढरीशुभ्र लागायची. पिशवीला पांढरं फासायचं काम शुक्रवारी शाळेतून आल्यावर. एकदा त्यांनी फासलेली पिशवी आईने कोळशाच्या शेगडीशेजारी वाळत टाकली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, नुसतीच मान हलवली.

वसंतात पालकांसाठी 'डिस्प्ले' असतो, आपल्या गॅदरिंगसारखाच. आमच्या चिरंजीवांनी संचलनात डावा-उजवा चुकवला, आणि मागचे सगळे त्याच्या मागोमाग चुकले.

लंडन

मला एक गोष्ट खटकते ती लिहू का? लहान पोरांना फौजी कवायत कशाला? पाय आपटणं, हुद्दे, तपासण्या. मी स्वतः पुण्यात एनसीसी केलेली, त्यामुळे मला कवायतीचं फार कौतुक उरलेलं नाही. आठवतं ते ऊन आणि नंतरचा नाश्ता.

मात्र वाचल्यावर कळलं की हा वाद ब्रिगेडमध्ये फार जुना आहे. पूर्वी पोरांच्या हातात नकली बंदुका असायच्या, आणि चर्चमधल्याच बऱ्याच लोकांना ते अजिबात मान्य नव्हतं. त्यातूनच बॉइज लाइफ ब्रिगेड निघाली. तिथे बंदुकीऐवजी प्रथमोपचार आणि जीव वाचवण्याची कवायत. १९२६ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या. नांगराच्या मागे जो लाल क्रूस दिसतो तो त्या दुसऱ्या संघटनेकडून आलेला. म्हणजे बिल्ल्यावर दोन्ही पक्ष आहेत. तरी माझा प्रश्न राहतोच.

सिंगापूर, आई

आमचा अनुभव बरा नाही, तोही लिहिते. शाळेचं नाव लिहिणार नाही.

मुलगा १३ वर्षांचा. एका शिबिरात रात्री बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांचं बोलणं झालं, त्यात मूर्तिपूजेबद्दल काहीतरी आलं. शब्द नेमके काय होते ते मी ऐकलेले नाहीत, पण पोरगा घरी आला तो थेट देवघरापाशी जाऊन बसला. त्या वयाची मुलं सांगत नाहीत. दोन दिवसांनी भाजी चिरताना विचारलं, "आई, आपला गणपती खोटा आहे का?"

मी शाळेत गेले. तिथल्या शिक्षिका, त्याच ब्रिगेडच्या अधिकारीही होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली आणि म्हणाल्या, हे व्हायला नको होतं. पुढे असं बोलणं असेल तेव्हा त्याने लायब्ररीत बसावं असं ठरलं. पण लायब्ररीत एकटा बसणं हीसुद्धा शिक्षाच की. वर्षाअखेर त्याने सोडलं. त्याला गाठी मारणं फार आवडायचं. अजून घरात पडद्याच्या दोऱ्या कुठल्या कुठल्या गाठीत अडकलेल्या सापडतात.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. वर लिहिणाऱ्या मुलाचं वाचून बरंच वाटलं.

नगर

तुम्ही सगळे बाहेरून आत डोकावलात, मी आतच जन्मलो. धागा ब्रिगेडचा आहे, मी मुक्तिफौजेचा, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचा. चालत असेल तर राहू द्या.

आमच्याकडे तर सगळं चर्चच गणवेशात. पाळकाला कॅप्टन, मेजर म्हणतात, आणि माणूस गेला की 'प्रमोटेड टू ग्लोरी', म्हणजे बढती. विल्यम बूथने लंडनच्या ईस्ट एंडमध्ये सुरू केलेलं हे काम १८८२ मध्ये मुंबईला उतरलं. आणणारा फ्रेडरिक टकर हा इथला सनदी नोकर होता. नोकरी सोडली, पायातले बूट काढले, भगवी वस्त्रं घातली आणि फकीरसिंग नाव घेतलं. आमच्या आजीला त्याची गोष्ट तिच्या आजीने सांगितलेली. नगरला बूथ हॉस्पिटल आहे ते मुक्तिफौजेचंच, कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा.

मी ज्युनियर सोल्जर झालो तेव्हा आठ वर्षांचा होतो. वचन द्यावं लागतं, त्यात दारू-तंबाखूला हात लावणार नाही हेही असतं. आठ वर्षांच्या पोराने दारू न पिण्याची शपथ घ्यायची! हसू येईल तुम्हाला. पण आमच्या गल्लीत ज्या घरांत दारू होती त्या घरांतल्या पोरांना ते वचन फार नीट कळत होतं.

मला बाजात घेतलं. कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. ओठ सुजायचे. पहिले सहा महिने त्यातून म्हशीसारखा आवाज. बरोबरच्या मुली खंजिरी वाजवायच्या, रंगीत फिती लावलेली, हाताच्या तळव्यावर, कोपरावर, गुडघ्यावर एका तालात. नाताळच्या आधी पहाटे गल्लोगल्ली गाणी म्हणत फिरायचो. डिसेंबरात नगरची थंडी अशी की कॉर्नेटचं तोंड ओठाला लावलं की चटका बसायचा, म्हणून मी ते स्वेटरच्या आत काखेत धरून चालायचो. मुसलमान गल्लीतले एक चाचा दरवर्षी दार उघडून चहाची किटली बाहेर आणत.

शाळेत मात्र चिडवायचे. गणवेश आणि वाद्य बघितलं की, "काय रे, वरातीची ऑर्डर घेतो का?" एकदा खरंच एका मित्राच्या मामाने विचारलं, लग्नाला किती घेणार. वडील म्हणाले, सांग त्याला, आम्ही फक्त मयताला आणि नाताळाला वाजवतो.

वरच्या ताईंच्या मुलाबद्दल वाईट वाटलं. आपला देव सांगायला दुसऱ्याचा देव खाली ठेवावा लागत नाही, असं आमचे एक मेजर म्हणायचे.

सिंगापूर, गर्ल्स ब्रिगेड

थोडक्यात लिहिते. लेकीच्या सराव शिबिराच्या तारखा दोन वर्षं लागोपाठ दिवाळीच्या आसपास आल्या. दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच चकल्यांचा डबा नेला. आता तिच्या तुकडीत दर वर्षी डब्याची वाट बघतात. करणारी मात्र मीच.

पुन्हा मी, धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. मूर्तिपूजेचा अनुभव लिहिणाऱ्या ताई, बरं झालं लिहिलंत. मी मुलाला त्याच रात्री विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे असं झालं नाही, झालं तर सांगेन. पाहू. लंडनच्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मुलाला कवायत आवडते, एवढंच मला माहीत आहे.

मध्यंतरी सासू-सासरे इथे येऊन गेले. आण्णा रोज संध्याकाळी खाली मैदानावर पोरांची कवायत बघायला जायचे आणि वर येऊन "त्यो तिसऱ्या रांगेतला पाय वाकडा टाकतोय" असा अहवाल द्यायचे. एके दिवशी मुलाचा ब्रासो संपला. दुसऱ्या दिवशी तपासणी, दुकान बंद. पोरगं रडकुंडीला आलेलं. सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरातून चिंचेचा गोळा आणि मीठ घेऊन आल्या. देवाची समई घासायच्या त्याच बैठकीत बक्कल घासलं, राखेऐवजी बेसन लावून पुसलं. सोन्यासारखं लखलखीत! फक्त पट्ट्याच्या चामड्यावर चिंचेच्या पाण्याचा हातभर ओघळ गेला, तो काही केल्या निघेना.

तपासणीत बक्कलबद्दल शाबासकी मिळाली आणि पट्ट्याबद्दल बोलणी खाल्ली. सीनियरने विचारलं, कसलं पॉलिश वापरलंस? याने चिंचेला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना म्हणून "माय ग्रँडमदर" एवढंच सांगितलं.