पगारवाढ आणि नाक्यावरची लाच

पगार वाढवला की पोलिसांचं काम आपोआप सुधारेल, असं या चर्चेत दोघातिघांनी म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पोलिसांच्या पगाराचा वाद लवादाकडे गेला की मधला आकडा काढायची सोय नव्हती. संघटनेचा किंवा पालिकेचा, कुठला तरी एकच प्रस्ताव निवडायचा. अर्थतज्ज्ञ अलेक्सांद्र मास यांनी २००६ साली दाखवलं की पोलीस जिथे हरले तिथे अटका घटल्या, गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या. मागणी आणि निकाल यांतलं अंतर जितकं मोठं, तितकी घसरणही मोठी. डावललं गेल्याची भावना अशी कामात उतरते.

पण घानात २०१० मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले, आणि महामार्गावर ट्रकचालकांकडून घेतली जाणारी लाच उलट वाढली! नुसत्या पैशाने भागत नाही, नाक्यावर नजर ठेवणारंही कुणी हवं.

आणि सुट्टी, घर, जादा तासांचा मोबदला यांवर कुणीच कसं बोललं नाही? सलग सोळा तास ड्युटी करून पेंगत जबाब लिहून घेणाऱ्या शिपायाकडून एक तारीख चुकते, आणि तेवढ्यावर खटला ढिला पडतो.